बेसलाइनमागे बसणाऱ्या पालकांना खुलं पत्र

प्रिय पालकहो,

पत्राला कारण खुर्च्यांचं. मागच्या बॅडमिंटन स्पर्धेत मी पंच होते आणि बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेघेच्या, मागच्या खुर्च्या उचलून जाळीच्या खांबाकडे नेऊन ठेवल्या, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण रागावलात. एका गृहस्थांनी तर सरळच विचारलं, "पोर आमचं, पैसे आमचे, पहाटे उठून आणणारे आम्ही, आणि आम्हीच लांब बसायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. पण पाच कोर्टांवर सामने चालू होते आणि मी एकटी फिरत होते, त्यामुळे "नंतर बोलू" म्हणून पुढे गेले. ते नंतरचं बोलणं हे. लांबणार आहे, आधीच सांगते.

ज्यांची मुलं यंदाच खेळायला लागली आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं. लहान गटांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. रेषापंच तर फार पुढची गोष्ट. फूल, म्हणजे शटल, आपल्या बाजूला पडलं की ते आत होतं का बाहेर, हे ज्याच्या बाजूला पडलं त्यानेच सांगायचं. बॅडमिंटनच्या कोर्टाची रेघ चाळीस मिलिमीटर रुंद असते, म्हणजे जेमतेम दोन बोटं, आणि ती आत धरली जाते. बुचाचा कडेचा भाग रेघेला नुसता चाटून गेला तरी फूल आत. निर्णय सांगायला एखादा सेकंद मिळतो. नीट दिसलं नसेल तर गुण समोरच्याला द्यायचा, हा संकेत.

आता अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या जागी उभं राहून बघा. धाप लागलेली, गुण बरोबरीत आलेले. फूल रेघेवर पडलेलं त्याने डोळ्यांनी बघितलं आहे आणि समोरच्याला तिथून ते तितकं नीट दिसलेलं नाही. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश तिघंही तोच. "आत होतं" एवढे दोन शब्द स्वतःच्या विरुद्ध बोलायचे आहेत. एका सामन्यात अशी वेळ चार-पाच वेळा तरी येते. इतक्या लहान माणसावर इतकी मोठी जबाबदारी इतक्या सहज टाकणारी दुसरी जागा मला माहीत नाही. परीक्षेत आपला पेपर आपल्याला तपासायला देत नाहीत.

खेळाने चारित्र्य घडतं हे वाक्य बक्षीस समारंभांत ऐकून माझे कान किटले आहेत. आपोआप काही घडत नाही हो. खेळून खेळून पक्के रडीचे डाव टाकणारे झालेलेही मी पाहिले आहेत. हरलं की रॅकेट आपटणारे, जिंकलं की समोरच्याच्या तोंडावर ओरडणारे, गुण विसरल्याचं सोंग घेणारे. खेळ फक्त प्रसंग आणून पुढ्यात ठेवतो. हरल्यावर दहा सेकंदांच्या आत जाळीपाशी जाऊन हात मिळवायचा असतो, तोही सगळ्यांच्या देखत, हा असाच एक प्रसंग. रेघेचा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो, कारण तिथे बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच माहीत असतं.

आणि नेमक्या त्या सेकंदाला मागून आवाज येतो. "बाहेर!"

तुमचा हेतू वाईट नसतो. तुम्हाला खरंच तसं दिसलेलं असतं किंवा दिसावंसं वाटत असतं, आणि या दोहोंतला फरक बसल्या जागी कळत नाही. पण त्या एका शब्दाने पोराचा निर्णय तुम्ही काढून घेता. आता त्याला फक्त समोरच्याशी नाही, घरच्यांशीही वाकडं घ्यावं लागणार. पाचशे माणसांच्या विरोधात उभी राहतील अशी मुलं असतात, पण स्वतःच्या बापाच्या विरोधात "आत होतं" म्हणणारं बारा वर्षांचं पोर मी वीस वर्षांत दोनदाच पाहिलं आहे.

मी त्या पोरांतली नव्हते.

साल 1991. मी बारा वर्षांची. तेव्हा मुलींच्या एकेरीचा गेम अकरा गुणांचा असायचा आणि जिची सर्व्हिस तिलाच गुण मिळायचा. रॅलीगणिक गुण आणि एकवीसचा गेम हे सगळं 2006 नंतरचं. तिसऱ्या गेममध्ये मी 10–8 अशी पुढे होते, सर्व्हिस माझी. समोरची मुलगी माझ्याहून उंच, तिच्या रॅकेटची ग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळलेली पट्टी, सुटून टोक लोंबत होतं. तिने फूल उचलून माझ्या डाव्या कोपऱ्यात मागे टाकलं. मी वळले, पोचले नाही, पण पाहिलं. बूच रेघेवर पडलं, तिथून एक छोटीशी उडी मारून बाहेर गेलं आणि पिसांवर गोल फिरत थांबलं. बाबा बरोब्बर मागे बसले होते. "बाहेर!" ते म्हणाले आणि उभे राहिले. मी हात आडवे केले. आउट. सामना संपला.

गंमत अशी की खरं सांगितलं असतं तरी माझा गुण जाणार नव्हता. नुसती सर्व्हिस तिच्याकडे गेली असती. 10–8 तसंच राहिलं असतं. इतक्या स्वस्तात मी खोटं बोलले.

ती मुलगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग बाबांकडे, आणि मग जाळीपाशी आली. हात मिळवताना माझी नजर तिच्या त्या लोंबणाऱ्या ग्रिपवर होती. तिचं नाव मला आठवतं. इथे लिहीत नाही.

घरी जाताना बसमध्ये बाबा खुशीत होते. माझी धाकटी बहीण, तेव्हा आठ वर्षांची, आमच्या मध्ये बसली होती. ती सामनाभर कोर्टाच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलेली होती, रेघेपासून दोन हातांवर. बराच वेळ गप्प होती. मग बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, ते आत होतं ना गं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही. ना त्या दिवशी, ना दुसऱ्या दिवशी. भाषण नाही, शिक्षा नाही. पुढच्या स्पर्धेला मात्र बाबांनी आपली खुर्ची उचलली आणि जाळीच्या खांबाजवळ नेऊन ठेवली. मला वाटलं, तिथे पंखा असेल. नंतरच्या सहा वर्षांत मी खेळलेल्या प्रत्येक सामन्याला ते तिथेच बसले. पुढे मी स्वतः पंच म्हणून काम करायला लागले तेव्हा एकदा सहज त्या जागी बसले आणि लक्षात आलं की तिथून बेसलाइनवर पडलेलं फूल आत का बाहेर हे काही केल्या सांगता येत नाही. तिथून मुलीचा चेहरा दिसतो, पाय दिसतात, रेघ दिसत नाही. बाबांनी ओरडायची सोयच काढून टाकली होती. एका शब्दाने न बोलता.

खुर्च्या तिकडे कुठून सुचल्या, तर इथून.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रेघेचा केवढा बाऊ. मोठ्या मैदानावर या रेघेची किंमत मोजलेले लोक आहेत. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स या गोल्फपटूचा चेंडू फटक्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्याने स्वतःहून एका फटक्याचा दंड लावून घेतला, स्पर्धेअखेर बरोबरी झाली आणि निर्णायक फेरीत तो एका फटक्याने हरला. आपल्या जुन्या क्रिकेटवेड्यांना फेब्रुवारी 1980 ची वानखेडेवरची कसोटी आठवत असेल. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात परतले होते. यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. भारताचा कर्णधार होता गुंडाप्पा विश्वनाथ. बॅट लागलेली नाही असं त्याला वाटलं आणि त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी मग सहाव्या गड्यासाठी 171 धावा जोडल्या आणि भारत दहा गडी राखून हरला. ही गोष्ट मुलांना सांगताना शेवट गाळू नका, ही विनंती. पुष्कळ लोक गाळतात. प्रामाणिक राहिलं की जिंकतोच असं मुलांना सांगितलं की पहिल्याच पराभवाला ते खोटं ठरतं, आणि मग आपल्या बाकीच्या बोलण्यावरही त्यांचा विश्वास राहत नाही.

मागच्या वेळी एका आईने फार नेमकं विचारलं होतं. म्हणाल्या, मग पोर पडलं, लागलं, तरी आम्ही बसूनच राहायचं का? मुळीच नाही. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये 400 मीटरच्या उपांत्य फेरीत डेरेक रेडमंडच्या मांडीचा स्नायू वाटेतच फाटला. तो लंगडत पुढे निघाला, तेव्हा त्याचा बाप जिम प्रेक्षकांतून उतरला, अडवणाऱ्यांना बाजूला सारून धावपट्टीवर आला आणि पोराला खांद्याचा आधार देत शेवटच्या रेघेपलीकडे घेऊन गेला. अधिकृत नोंदीत ती शर्यत डेरेकने पूर्ण केलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. जिम आत गेला तेव्हा शर्यत हातची गेलेलीच होती. तो पोराला एखादा क्रमांक मिळवून द्यायला गेला नव्हता. अशा वेळी तुम्ही खुशाल आत या. मी स्वतः बाजूला होईन.

आता घरातल्या माणसांबद्दल. खेळाने घर जोडलं जातं असं म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर करंडक घेतलेला फोटो असतो. आमच्या घरात ते जोडलं जाणं झालं ते वाट बघण्यात. लहान गटाची स्पर्धा म्हणजे वीस मिनिटांचा खेळ आणि पाच तासांचं ताटकळणं. त्या पाच तासांत करण्यासारखं काही नसायचं. तेव्हा मोबाइल नव्हते हे आमचं भाग्य म्हणायला हवं. बाबा जुनी ग्रिप सोडून पुन्हा गुंडाळत बसायचे, खालून वर, प्रत्येक फेर अर्ध्यावर चढवत, आणि गुंडाळता गुंडाळता बोलायचे. ते एकदा नापास झाले होते हे मला तिथे कळलं. त्यांना पोहायची भीती वाटते हे तिथे कळलं. घरात समोरासमोर बसून बाबांनी हे कधी सांगितलं नसतं. हात कामात आणि नजर खाली असली की माणसं बोलतात. शिकवणी त्यांनी मला कधीच दिली नाही, कारण त्यांना बॅडमिंटनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ड्रॉप आणि नेट शॉट यांतला फरक त्यांना आजही कळत नाही.

जे बाबा किंवा आई स्वतः उत्तम खेळलेले असतात त्यांच्या मुलांची मला म्हणूनच जरा काळजी वाटते. परतीच्या वाटेवर त्या मुलांचा सामना दुसऱ्यांदा होतो.

आणि धाकट्यांचं काय? दर स्पर्धेला एक तरी धाकटं भावंड फरपटत आलेलं असतं. त्याला खेळायचं नसतं, बघायचं नसतं, आणि त्याचा रविवार गेलेला असतो. माझी बहीण तशी होती. आमच्या खेळात ती वर्षानुवर्षं कच्चं लिंबू. तिच्या चुका मोजायच्या नाहीत, तिच्यावर राज्य द्यायचं नाही. ज्या दिवशी ती म्हणाली "माझे पण गुण मोजा", त्या दिवसापासून आमचं नातं बदललं. चौदाव्या वर्षी तिने मला पहिल्यांदा हरवलं, तेही खऱ्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत. आई त्या दिवशी आलीच नाही. "मी कुणाच्या बाजूने बसू?" म्हणाली. बाबा आपले खांबाजवळ. दुसऱ्या गेममध्ये तिचा एक फटका माझ्या उजव्या रेघेवर पडला. मी "आत" म्हणाले. तिने जाळीपलीकडून माझ्याकडे बघून मान हलवली. नुसती, एवढीशी. बसमधलं ते वाक्य तिच्याही लक्षात होतं. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही, आठवडाभर धुसफुसत होते, आणि तरीही सख्ख्या बहिणीने माझा इतका सन्मान त्याआधी कधी केला नव्हता.

टेनिसमधल्या व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स बहिणींचे आकडे मला म्हणून फार आवडतात. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत दोघी नऊ वेळा अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या, त्यांतले सात सेरेनाने जिंकले. म्हणजे थोरल्या बहिणीने मोठ्या व्यासपीठावर धाकटीकडून सात वेळा हार खाल्ली. आणि याच दोघी दुहेरीत एका बाजूला उभ्या राहिल्या तेव्हा ग्रँड स्लॅमचे चौदा अंतिम सामने खेळल्या आणि चौदाही जिंकल्या. एका घरात हे दोन्ही मावतं.

नियमांचा मुद्दा राहिला. "असला नियम कुठे आहे का?" असं आणखी एकांनी विचारलं होतं. खुर्च्यांचा नसेल. पण मोठ्यांना आवरण्याचे नियम आहेत. नॉर्वेने 1987 मध्ये मुलांच्या खेळातील हक्कांची नियमावली केली आणि 2007 मध्ये ती सुधारली. अकराव्या वर्षाच्या आत मुलांच्या निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही. तेराच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बक्षिसं द्यायची तर सगळ्यांना. यात पोरं मऊ होतील असं तुम्हाला वाटत असेल, तर त्याच चिमुकल्या लोकसंख्येच्या देशाने 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं घेतली. एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर इतकी कुणी घेतली नव्हती. बर्फ त्यांच्याकडे आहे, पैसा आहे, सगळं श्रेय नियमावलीला द्यायचा वेडेपणा मी करणार नाही. एवढंच सांगते की पोरांच्या नावाने केलेला तो नियम वाचला की कळतं, हात बांधलेत ते आईबापांचे आणि प्रशिक्षकांचे.

हात बांधून घ्यावे लागतात हे मी स्वतःवरून सांगते. माझा मुलगा आता खेळतो. त्याच्या सामन्याला मी पंच म्हणून उभी राहत नाही, तुमच्यातच बसते. गेल्या वर्षी एका सामन्यात त्याच्या बाजूला फूल पडलं आणि माझ्या तोंडून "बा" एवढं अक्षर बाहेर पडलं. वीस वर्षं हेच काम करणारी बाई मी. उरलेले शब्द गिळले आणि खोकल्याचं सोंग केलं. पोराने मागे वळून बघितलं, मग समोर बघून "आत" म्हणाला. तो नुसता खोकला नव्हता हे त्याला कळलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. कधीतरी ग्रिप गुंडाळताना विचारीन.

तर रविवारची व्यवस्था अशी. सामने सकाळी सातला सुरू होतील. खुर्च्या सगळ्या कोर्टांवर जाळीच्या दोन्ही खांबांकडे लावलेल्या असतील, मागे एकही नसेल. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, दोन्हीकडच्या चांगल्या फटक्यांना वाजवल्यात तर फारच उत्तम. निकालाबद्दल तक्रार असेल तर ती खेळणाऱ्याने करायची, त्याने हात वर केला की मी येईन. धाकट्यांना बरोबर आणलंत तर त्यांनाही एक खुर्ची मिळेल, नुसतं "गप्प बस" म्हणून कोपऱ्यात ढकलू नका. ती फार बारकाईने बघत असतात.

आणि एक अडचण आहे, त्यात मदत करा. गुण लिहायला आणि पाट्या उलटायला माणसं कमी पडताहेत. ज्यांना जमेल त्यांनी पावणेसातला टेबलापाशी येऊन नाव द्या. लिहायचं कसं ते दहा मिनिटांत शिकवते. आपल्या मुलाचं कोर्ट सोडून बाकी कुठलंही मिळेल.

तुमची,
मागच्या वेळी खुर्च्या उचलणारी पंच